पिवळ्या पट्ट्यातला एकटा रहिवासी

सुनावणीला साहेबांनी विचारलं, "या प्लॉटांवर सध्या राहतं कोण?" आणि मी म्हणालो, "मी एकटाच." ही जागा राहण्यासाठीच ठेवा, कारखान्यांना देऊ नका, हे सांगायला मी तिथे गेलो होतो.

एवढं बोलून गप्प बसलो असतो तरी एक वेळ निभावलं असतं. पण मला कुणी काही विचारावं असे प्रसंगच हल्ली फार येत नाहीत. त्यामुळे विचारलं की मी सुटतो.

आमची वसाहत घोरावाडी स्टेशनापासून रिक्षाने जरा लांब, टेकडीच्या पायथ्याला आहे. वसाहत म्हणजे एक कमान, आखलेले रस्ते, दिवे नसलेले दिव्यांचे खांब आणि प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यात नंबर घातलेला दगड. घर एकच, माझं. प्लॉट घेतले तेव्हा आम्ही सगळे एका मांडवाखाली जमलो होतो आणि निवृत्त झालो की सगळ्यांनी इथेच राहायला यायचं असं एकमताने ठरलं होतं. पत्ते कुटायचे, सकाळी एकत्र फिरायला जायचं, एकमेकांच्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी करायची. मी सगळं आयुष्य चिंचवडला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेलं. तिथे एकदा ठरलं की माल येतो. इथेही येईल असं मी धरून चाललो.

घर बांधताना ओटा मुद्दाम मोठा घेतला. गवंडी म्हणाला, "भजनी मंडळ हाय का काय?" मी म्हटलं, "नाही हो, शेजाऱ्यांसाठी." त्याने चहूकडे पाहिलं. कंबरेएवढं गवत होतं. तो परत विटा लावायला लागला. तेव्हाच काय ते मला कळायला हवं होतं.

बायको एक हिवाळा राहिली. मग म्हणाली, "इथे भांडायला तरी कोण आहे?" मी स्वतःचं नाव सुचवलं. "तुमच्याशी पुण्यातही भांडता येतं," म्हणाली आणि मुलाकडे निघून गेली. आता सणावाराला येते, ओटा झाडते, आणि झाडताना एवढा मोठा कशाला बांधला म्हणून बोलते. फोन मात्र रोज करते.

बाकीचे प्लॉटवाले मला नंबरानेच लक्षात आहेत. अकरा नंबर पावसाळ्यात भुशी धरणावर जाता जाता गाडी थांबवतात, स्वतःच्या जमिनीवर उभे राहून कणीस खातात, दगडाबरोबर फोटो काढतात आणि "काका, पुढच्या वर्षी पाया घालतोच" म्हणून निघून जातात. खाल्लेल्या कणसांचे दांडे मी उचलतो. हळूहळू सकाळी फिरताना मी दगडांनाच नमस्कार करायला लागलो. सात नंबरचा दगड थोडा कललेला होता, काहीतरी ऐकत असल्यासारखा. त्याच्यापाशी मी जास्त थांबायचो.

अशातच बातमी आली की आमचा सगळा पट्टा राहण्याच्या जमिनीतून काढून कारखान्यांसाठी द्यायचं घाटत आहे. नकाशावर आम्ही पिवळे होतो, ते जांभळे होणार. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी हरकत घ्यावी. माझ्या रोजच्या सुप्रभाताला कधी उत्तर न देणारा वसाहतीचा व्हॉट्सॲप ग्रुप एका दुपारी खडबडून जागा झाला. लढायचं, सोडायचं नाही, मुठींची चित्रं. हरकतीवर सगळ्यांनी सह्या केल्या. सुनावणी मात्र कामाच्या वारी निघाली. कुणाचं ऑडिट, कुणाची मीटिंग, कुणाचा गुडघा. "काका, तुम्ही तर तिथलेच. तुम्हीच बोला." तिथलेच. हा शब्द मी त्या दिवशी दोन-तीनदा उघडून वाचला.

नाल्याच्या पलीकडे दहा-बारा घरांची वाडी आहे. तिथले एक शेतकरी आमच्या मोकळ्या प्लॉटांवर म्हशी चारतात. माझ्याहून वयाने लहान, मला आबा म्हणतात, आणि शेजारी म्हणावं असे तेवढेच. वाडीही त्याच पट्ट्यात येत होती, म्हणून त्यांनीही अर्ज केला होता. वाडी पिवळी ठेवा आणि आमचे प्लॉट खुशाल जांभळे करा, असा. मला त्यांनी हे तोंडावर सांगितलं. "पोरगी रोज चाकनला कामाला जाती. यायला अंधार पडतो. हितं कंपनी आली तर दिवं लागायच्या आत घरी यील." मी माझं सुनावणीचं भाषण त्यांच्यासमोर म्हणून दाखवलं. त्यात शांतता होती, पक्षी होते, ज्येष्ठ नागरिक होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झ्याक हाय. पन म्हशी पुडं गेल्या बगा."

सुनावणीला आम्ही दोघं विरुद्ध बाजूंनी, पण एकाच रिक्षाने गेलो. दोन रिक्षा तिकडे मिळत नाहीत.

साहेब तरुण होते. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला, बसा म्हणाले, आणि तो प्रश्न विचारला. भाषण खिशातच राहिलं. मी म्हणालो, मी एकटाच. आणि मग सगळंच बाहेर आलं. संध्याकाळी एका दिव्यापलीकडे दुसरा दिवा दिसत नाही हे सांगितलं. रेडिओ मी ऐकायला लावत नाही, शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलत असावं म्हणून लावतो, हे सांगितलं. दुधी चिरताना बोट कापलं, तेव्हा बोट वर धरून घरभर फिरलो, कुणाला दाखवावं तेच सुचेना, मग नळाखाली धरलं, हेही सांगितलं. बरेच दिवस कुणाशी बोललो नाही की पहिला शब्द घोगरा येतो, हे तर म्हणूनच दाखवलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे दुसरं कुणीच राहत नाही?"

"कुणीच नाही साहेब. इतक्या वर्षांत कुणी वीटसुद्धा ठेवली नाही."

त्यांनी टायपिंगवाल्या बाईंना हळू आवाजात दोन ओळी सांगितल्या. साहेबांच्या चेहऱ्यावर मला सहानुभूती दिसली. कदाचित भूक असेल, जेवणाची वेळ झाली होती.

मग वाडीचा नंबर. "वाडीत किती माणसं?" शेजारी घराघराने मोजायला लागले. थोरल्याचं घर, धाकट्याचं घर, माहेरी परत आलेली बहीण, तिची पोरं, आणि पुढच्या महिन्यात होणारं एक बाळ.

"बाळ अजून यायचंय ना?" साहेब हसले.

"यायचंय साहेब. पन घर तर हाय त्याचं."

बाहेर येऊन आम्ही गाडीवर वडापाव घेतला. मी खुशीत होतो. इतकं मनापासून आणि इतका वेळ मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. शेजारी मिरचीचा देठ मोडत म्हणाले, "आबा, माज्याच बाजूनं बोलायचं व्हतं तर आदी सांगायचं. मी येवडी मानसं कशाला मोजली असती?"

मी हसलो. वडा अर्धा संपला तेव्हा माझं हसू थांबलं.

काही महिन्यांनी निकाल लागला. आम्ही जांभळे झालो, वाडी पिवळी राहिली. ग्रुपवर तोंड कसं दाखवायचं या चिंतेत मी दोन दिवस फोन उशीखाली ठेवला. शेवटी उघडला तर पेढ्यांची चित्रं. "काका, मस्त झालं, आता प्लॉट हातोहात जाईल." "काका, तुमच्यामुळे सुटलो." मुठी आवळणारे तेच, आता अंगठे दाखवत होते. मग एकेक जण ग्रुपमधून बाहेर पडत गेला. अकरा नंबर गेले, चार गेले, सात गेले. शेवटी त्या ग्रुपमध्ये मी उरलो. दुसऱ्या दिवशीही मी सुप्रभात पाठवलं. हात सवयीने गेला, दुसरं काही नाही.

गवत काढायला जेसीबी आला. दगड एका बाजूला ढीग करून ठेवले. चालकाला मी विचारलं, यातला एक मी घरी नेऊ का? तो म्हणाला, न्या की, कशाला पाहिजे? मला सांगता आलं नाही, म्हणून नेला नाही.

माझं घर कुणी पाडणार नव्हतं. पण तिन्ही बाजूंनी पत्र्याच्या शेड येणार आणि मधे मी, चुकून राहिलेल्या सामानासारखा. बायको फोनवर म्हणाली, "आता तरी या." मी म्हटलं, थांब, एक वाट अजून शिल्लक आहे. वाडीची पिवळी हद्द नक्की करायला माणसं येणार होती, आणि माझं कुंपण नाल्याला लागून होतं. वाडीने आपलं म्हटलं तर माझं घर वाडीच्या पिवळ्यात धरलं जाईल. नाही म्हटलं तर ते कारखान्यांमधलं एक जुनं बांधकाम. शेजारी म्हणाले, "मी सांगतो आबा, वाडीतलंच घर हाय म्हनून. काळजी सोडा."

पण माणसं आली त्या सकाळी शेजाऱ्यांची म्हैस विताना अडली होती आणि ते डॉक्टरला आणायला गेले होते. घरी त्यांची म्हातारी आई होती, दारात पाय पसरून शेंगा सोलत बसलेली. सगळी वाडी त्यांना मावशी म्हणते आणि त्यांचं ऐकते. मी इस्त्रीचा सदरा घालून नाला ओलांडून गेलो, हात जोडले, आणि पलीकडे कुणी बघत नाही असं पाहून मावशींना मान हलवून खूण केली. हो म्हणा.

हद्द आखायला आलेल्या बाईंनी विचारलं, "मावशी, नाल्यापलीकडचं हे आजोबांचं घर वाडीत धरायचं का? हे तुमच्यातलेच का?"

मावशींनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि माझ्याकडे पाहिलं.

"नातवाच्या लग्नाला आमी सगळ्या वाडीला चूलबंद आवतन दिलं व्हतं. म्हंजी त्या दिवशी कुनी घरी शिजवायचं न्हाई, समद्यांनी मांडवात जेवायचं. ह्याला बी दिलं. ह्यो घरनं जेवून आला अन् हितं येक लाडू खाऊन गेला. ह्याच्या कुकराच्या शिट्ट्या मंगलाष्टकात ऐकू आल्या, बाई. वाडीतला कसला त्यो, त्यो पाव्हना बी धड न्हाई."