बागेकडे पाठ

द्वारका चौकाजवळ माझं शिलाईचं दुकान आहे. सकाळपासून ब्लाउज शिवून शिणलेले डोळे घेऊन मी दुपारी जवळच्या बागेत डबा खायला जायचे. वळणावळणाची हिरवळ, मधे कमळांचं तळं. नुसतं बघितलं तरी बरं वाटायचं.

तिथला म्हातारा माळी मात्र रोज कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

"बाबा, एवढी बाग फुलवलीत आणि तिच्याकडेच पाठ?" एकदा मी विचारलं.

भाकरी मोडत तो म्हणाला, "तिकडं पाहिलं की कुठं वाळलंय, कुठं छाटायचंय, तेवढंच दिसतं ताई. घास उतरत नाय. तुम्ही बघा निवांत."

परवा भाचीचं लग्न झालं. घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज मीच शिवले होते. जेवायला बसताना मी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.