झाकलेलं पातेलं

मसालेभाताचा वास आला की ठाकुर्लीतला माझा अकरावीचा अर्थशास्त्राचा वर्ग आठवतो आणि आजही डोकं तापतं. गरजा अमर्याद, साधनं मर्यादित, असं मी घसा फोडून शिकवत होते, तर पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, आमच्या भंडाऱ्यात मसालेभाताचं पातेलं फडक्याने झाकून वाढतात. आत अन्नपूर्णा असते, डोकावलं नाही की काही कमी पडत नाही." मी चिडलेच, "अगं, शेवटच्या पंगतीला डाव अर्धाच भरतात, म्हणून पुरतं!" "पण उपाशी कोणी गेलं का, मॅडम?" अख्खा वर्ग तिच्याच बाजूने. अजूनही मी तोच धडा शिकवते, आणि घरातला तांदळाचा डबा कधी पूर्ण रिकामा करत नाही, तळाशी मूठभर ठेवतेच. नवऱ्याने कारण विचारलं की त्याच्यावरच खेकसते.