आप्पा पैलवानाचा हलगीवाला

त्या दुपारी हडपसरच्या तालमीत कुणी रडत नव्हतं, आणि नेमकं तेच बजरंगाला खुपत होतं.

आप्पासाहेब पैलवान गेले होते. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणूस लोटला होता, कोण सायकलवर, कोण बैलगाडीत. तालमीचं अंगण भरलं, गल्ली भरली, समोरच्या गिरणीच्या ओट्यावरही पाय ठेवायला जागा उरली नाही. एवढ्या गर्दीत ना हुंदका, ना टाहो. अहो, असं मयत कुणी पाहिलंय का? माणूस रडला की हलका होतो. ही माणसं मात्र दारावर डोळे लावून गप बसली होती. हलकं व्हायचा त्यांचा मुळीच विचार दिसत नव्हता.

बजरंग म्हणजे आप्पांचा हलगीवाला. दिवसभर वीटभट्टीवर राबायचा, पण भट्टीवाला म्हणून त्याला कुणी ओळखत नव्हतं. हलगी बापाकडून आलेली. ती विस्तवावर शेकायची, छातीशी धरायची, घरात कुणाला तिला हात लावू द्यायचा नाही. बायको शकू म्हणायची, "माझी सवत बरी! तिला शेक, अन् मला नुसता धूर." जत्रा कुठलीही असो, आप्पा मैदानात उतरले की पुढं बजरंग. आप्पा जिंकले की हा आठवडाभर छाती काढून चालायचा, जणू समोरच्याला यानंच आपटला होता. असला खुळा माणूस. आप्पांवर त्याचा जीव होता, आणि आज त्याला पोटभर रडायचं होतं. पण रडायचीसुद्धा चोरी.

झालं होतं असं. कोथरूडला तेव्हा सोसायट्या नव्हत्या, बागा आणि शेतं होती. तिथल्या जत्रेत संपत नावाच्या तरण्या पैलवानानं आप्पांना ढाक डाव मारून चीत केलं. आप्पा मानेवर पडले. उठले, हसले, संपतच्या पाठीवर थाप मारून घरी आले. पुढं मान धरली, ताप चढला, आणि आज पहाटे सगळं संपलं. आता कुस्ती म्हटली की पडणं आलंच. पण गुळाचा व्यापारी बाळ याला ते कोण सांगणार? आप्पांचा सगळ्यांत मोठा भक्त तो. त्यानं सकाळपासून एकच धोशा लावला होता, "पकड निसटावी म्हणून संपत अंगाला तेल चोळून आला होता. ही कुस्ती न्हाई, हा खून हाय."

बजरंग त्या दिवशी कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेलाच होता. संपतच्या पाठीला लाल माती घट्ट चिकटलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. तेलकट अंगाला माती अशी धरते होय? त्यानं हे सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. बाळ म्हणाला, "वाजवणाऱ्यानं वाजवावं. अक्कल आम्ही इकत घेत न्हाई."

बरं, संपत आला नसता तर प्रश्नच नव्हता. पण या तालमीची रीतच अशी, की पैलवान गेला तर त्याच्याशी शेवटची कुस्ती खेळलेल्यानं हौदातली माती त्याच्या छातीवर घालायची. त्याशिवाय मयत उचलत नाहीत. गर्दी त्याचीच वाट पाहत होती. आणि कोपऱ्यात, घोंगडीखाली, काठ्या रचून ठेवल्या होत्या. त्या कुणासाठी, हे बजरंगाला कुणी सांगावं लागलं नाही.

तेवढ्यात आप्पांच्या पत्नी मथुराबाईंनी त्याला मागच्या दाराशी बोलावलं. डोळे सुजलेले, पण आवाज पक्का. "बजरंगा, संपतचा सांगावा आलाय. कॅनॉलच्या पुलाशी थांबलाय तो. लोकं शांत असली तर येतो म्हणाला, न्हाईतर तिथनंच हात जोडून माघारी जातो. माझ्या भावाला पाठवला, तर बाळच्या पोरांनी गल्लीच्या तोंडाशीच आडवला. संपतला येऊ देऊ नकोस रं. ह्यांनी त्याच्यावर राग धरला न्हवता. एक गेला तेवढा पुरे झाला."

"व्हय वैनी," तो म्हणाला. म्हणाला खरा, पण करणार काय? बाहेर जायला वाट नाही. दोन्हीकडं माणसं भिंतीसारखी उभी. ऊन कलायला लागलं होतं. बाळ मधूनच उठून दाराबाहेर डोकावत होता, आणि प्रत्येक वेळी सगळं अंगण मान वर करून बघत होतं.

मग बजरंगाला सुचलं. माणूस गर्दीतून जात नाही, पण आवाज जातो! मयत उचलायच्या आधी हलगी कधी वाजत नाही, हे कुणालाही ठाऊक. अवेळी हलगी कडाडली, तीही लढतीच्या तालावर, तर पुलावरचा पोरगा काय समजायचं ते समजेल. इथं माथी भडकलीत, मागं फीर.

त्यानं चुलीतल्या विस्तवावर हलगी शेकली. बाळनं विचारलं, "काय रं, आत्ताच?" "आप्पांसाठी," बजरंग म्हणाला, आणि वाजवायला लागला.

देवा, काय वाजवली त्यानं! उभ्या आयुष्यात अशी वाजवली नव्हती. डोळ्यांतून पाणी, हातातून कडकडाट. पळ रं लेकरा, पळ, एवढंच तो थापेथापेला म्हणत होता. गर्दीच्या अंगावर काटा आला. माणसं उठून उभी राहिली. घोंगडी बाजूला झाली.

आणि दाराशी गर्दी दुभंगली. मधून संपत येत होता. अनवाणी, डोकं झाकलेलं, हात जोडलेले. मान इतकी खाली, की आजूबाजूला काय आहे ते त्यानं पाहिलंच नाही. तो सरळ बजरंगाकडं आला आणि वाकून त्याच्या पायांना शिवला.

"लई उपकार केले काका. पुलावर पाय उचलत न्हवता माझा. माघारीच वळलो होतो. तेवढ्यात तुमची हलगी ऐकली. म्हणलं, बोलावणं आलं. आता गेलो न्हाई तर मी पैलवान कसला?"

जत्रेत पैलवानाला हाक मारतात ती हलगीनंच. जन्मभर बजरंगानं तेच केलं होतं, आणि नेमका आज ते विसरला होता. संपत हौदाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी ओंजळभर माती उचलली. त्याच्या पाठीमागं कुणीतरी तालमीच्या दाराला अडसर घातला.

"थांबलास का बजरंगा?" बाळ म्हणाला. "वाजीव. ह्याच्या वरडण्याचा आवाज गल्लीत जाता कामा न्हाई."

बजरंगानं हलगी जमिनीवर टाकली आणि धावत जाऊन संपतच्या अंगावर आडवा पडला. मागं ती हलगी दुसऱ्याच कुणीतरी उचलली, आणि ती बेताल वाजायला लागली.