बोटं उघडली की

आमच्या जाऊबाईंना कोणी ‘आता कसं आहे?’ असं विचारलं की त्या म्हणायच्या, ‘कोणाला? मला? मला काय धाड भरलीय?’ विचारणारा काढता पाय घ्यायचा. जाऊबाईंचे हात मात्र टेबलाखाली असायचे, कारण बोटं अशी आखडलेली असायची की मूठ पुरती मिटत नाही आणि पंजा पुरता उघडत नाही.

मी त्यांची धाकटी जाऊ. एकाच घरात त्या खालच्या मजल्यावर, मी वरच्या. आमचं दोघींचं कधी पटलं नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आम्ही इतकी वर्षं भांडतोय की दोरी दोनदा बदलली, भांडण तेच आहे. तेव्हा मी त्यांचं कौतुक करायला बसलेय असा कोणी समज करून घेऊ नये. झालं ते सांगतेय, एवढंच.

त्या रफू करतात. दुकान सासऱ्यांचं. सासऱ्यांचे दोन्ही मुलगे, म्हणजे माझे दीर आणि माझा नवरा, ‘सुईदोरा हे काय पुरुषाचं काम’ म्हणत पळाले, म्हणून सासऱ्यांनी थोरल्या सुनेला शेजारी बसवून शिकवलं. दुकान कसलं, बोळकांडीच ती. एका बाजूला चष्मेवाले, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करणारा, आणि मधल्या त्या फटीत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. कोट जळला, पँट खिळ्याला अडकली, उंदराने शालीला तोंड लावलं, की माणसं तिथे येतात. जाऊबाई त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे सोडवतात, भोक उलट्या वाटीवर ताणतात आणि एक धागा वर, एक खाली असं विणत जातात. काम झालं की कपडा गिऱ्हाइकापुढे टाकून म्हणतात, ‘दाखवा बघू कुठे फाटलं होतं.’ गिऱ्हाईक उजेडात जातं, उलटंपालटं करतं, चष्मा पुसून पुन्हा बघतं. सापडत नाही. तेव्हा जाऊबाईंचा चेहरा असा काही फुलतो की मला आजही राग येतो.

दुखणं लागलं तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत होता. डॉक्टरांनी सांगितलं, सांधेवात आहे, गोळ्या घ्या, आटोक्यात राहील, पण हा पाहुणा नाही, राहायलाच आलाय. मग काय, जो तो वैद्य झाला. चष्मेवाल्यांनी तांब्याचं कडं आणून दिलं. माझ्या आईने लसूण सांगितला. एक गिऱ्हाईक म्हणालं, मधमाश्या चावून घ्या, दुखणं रफूचक्कर होईल. जाऊबाई म्हणाल्या, ‘आधी तुम्ही चावून घ्या, गुण आला की कळवा.’ आणि काही जण नुसते हातांकडे बघून म्हणायचे, ‘दिसत तर काही नाही.’ त्याचा त्यांना सगळ्यात जास्त संताप यायचा. पण दिसू नये म्हणून धडपडायच्याही त्याच! फाटलेलं दिसू द्यायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली ना.

सकाळी त्यांचे हाल बघवत नाहीत. नळ मनगटाने फिरवायचा. डब्याचं झाकण छातीशी धरून काढायचं. जगाचे कपडे नीट करणारी ही बाई स्वतःच्या कपड्यांची बटणं लावताना घामाघूम व्हायची, आणि दीर मदतीला गेले तर त्यांच्यावरच खेकसायची. दुपार झाली की बोटं हळूहळू सुटतात. ‘दुपारी हात माझे असतात,’ त्या म्हणतात, ‘सकाळी कोणाचे असतात देव जाणे.’ दुपारीसुद्धा सुई चिमटीत नीट धरवत नाही. किल्लीवाल्याने त्यांना एक लहानशी पक्कड दिलीय. सुई खुपसतात बोटांनी, ओढतात पकडीने. काम आता हळू होतं. पण अजून कोणाला भोक सापडलेलं नाही.

एका रविवारी आम्ही सगळे खाली जेवायला बसलो होतो. पुतण्या, म्हणजे जाऊबाईंचा मुलगा, आता नोकरीला आहे. मुलगा गुणाचा आहे, उगाच का खोटं बोला. तो म्हणाला, ‘आई, बस झालं आता. माझा मित्र मोबाइल दुरुस्तीसाठी जागा शोधतोय. गाळा त्याला देऊ. तू घरी आराम कर.’

‘कशाला? माझे हात चालतात.’

‘मग सकाळी तुझं शटर कोण उचलतं? चष्मेवाले काका. त्यांनीच सांगितलं मला.’

जाऊबाई लालबुंद झाल्या. हे मलाही ठाऊक नव्हतं, आणि मी दुकानासमोरच्या लाँड्रीत गल्ल्यावर असते! चष्मेवाले माझ्या आधी येऊन जाऊबाईंनीच दिलेल्या दुसऱ्या किल्लीने गुपचूप शटर वर करून ठेवत होते, आणि जाऊबाई नऊच्या ठोक्याला येऊन जणू आपणच उघडलंय अशा बसत होत्या. दिरांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. घरात काही पेटलं की ते बातम्या वाचतात.

‘उद्यापासून माझं शटर मी उघडणार,’ जाऊबाई कडाडल्या. ‘आणि ज्या दिवशी माझ्या हाताने उघडलं नाही, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात. मग दे कोणाला द्यायचा तो गाळा.’

झालं! पुतण्याने लगेच ‘ठरलं’ म्हटलं. मी कपाळावर हात मारला. जिभेला हाड नसतं म्हणतात. हाड नाही म्हणून सांधा नाही, आणि सांधा नाही म्हणून आमच्या जाऊबाईंची तेवढी जीभच कधी आखडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी लाँड्रीतून तमाशा बघायला लागले. तमाशा कसला, जीव टांगणीला. कुलूप खाली जमिनीशी, म्हणून आधी गुडघ्यावर बसायचं. गुडघेही त्याच दुखण्याचे भाऊबंद. मग किल्ली दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. मग कडीत जुन्या बॅगेचा पट्टा अडकवायचा, तो कोपराच्या घडीत घ्यायचा आणि सगळं अंग मागे टाकायचं. शटर हातभर वर येऊन अडलं की खाली खांदा घालायचा. चष्मेवाले दारात उभे राहून हात चोळायचे. एकदा ते पुढे झाले तर जाऊबाई म्हणाल्या, ‘चुगली करून पोट भरलं नाही वाटतं?’ बिचारे दोन दिवस बाहेरच आले नाहीत. आणि रोज त्याच वेळी पुतण्या कामावर जाताना गाडी हळू करायचा, शटर वर गेलेलं बघायचा आणि निघून जायचा. त्याचा चेहरा बघून मला कळायचं नाही की याला आई जिंकायला हवीय की हरायला.

मग थंडी पडली.

त्या सकाळी जाऊबाई गुडघ्यावर बसल्या त्या उठेचनात. किल्ली हातातून निसटली होती. त्या ती उचलायला बघत होत्या आणि बोटं जमिनीवरून नुसती सरकत होती, चिमूट होतच नव्हती. मी गल्ला तसाच टाकून रस्ता ओलांडला.

‘ताई, सरका. मी उघडते.’

‘शटरला हात लावलास तर याद राख,’ त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, आवाजात नव्हतं.

इतक्यात गाडी थांबली. पुतण्या उतरला, आईशेजारी उकिडवा बसला, आणि त्यानेच किल्ली उचलली. हळूच म्हणाला, ‘आई, पुरे ना आता.’

जाऊबाईंनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा मी ती खाली गेलेली बघितली, आणि ते मला सहन होईना. भांडायचं कोणाशी मग मी उरलेला जन्म? घरी बसून विझलेल्या बाईशी?

‘थांब रे,’ मी म्हटलं. ‘तुझी आई काय म्हणाली होती? “ज्या दिवशी उघडलं नाही.” मग? दिवस संपला का? अजून रस्ताही झाडून झाला नाही, आणि तू किल्ली घेऊन निघालास?’

‘काकू, शब्दांचे खेळ नका करू.’

‘शब्द तुझ्या आईचा होता. तिने “नऊ वाजता” असं म्हटलं होतं का? दिवस म्हटलं होतं, दिवस!’

जाऊबाईंनी मान वर केली. माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू दोरीवरची माझी बाजू मी स्वतःहून सोडून दिली होती. ‘अगं, खरंच की,’ त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. ‘ठेव ती किल्ली पायरीवर. तुला उशीर होतोय. संध्याकाळी ये, दिवस मावळला की. तेव्हा बघू.’

तो गेला. जाऊबाई बंद शटरला पाठ टेकून पायरीवर बसल्या, हात काखेत घेऊन. मी लाँड्रीत गेले, इस्त्रीखालचे दोन टॉवेल उचलले आणि गरम गरम त्यांच्या हातांना गुंडाळले. त्या डोळे वटारून बघायला लागल्या. ‘शटरला हात लावू नको म्हणालात,’ मी म्हटलं. ‘हाताला हात लावू नको असं नव्हतं म्हणालात.’ टॉवेल गार झाले की मी दुसरे आणायची. लाँड्रीचा मालक ओरडत होता. ओरडू दे मेल्याला.

मधेच एक बसकंडक्टर आला. त्याचा कोट दुकानात अडकला होता. ‘काय बाई, आज बंद?’

मला वाटलं, आता ते ‘काय धाड भरलीय’ निघणार. पण जाऊबाई म्हणाल्या, ‘बंद नाही. हात दुखतायत. बोटं उघडली की उघडते.’

इतक्या वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. कंडक्टरने शटरकडे बघितलं. ‘मी उचलू?’ ‘नको.’ ‘बरं,’ तो म्हणाला आणि पायरीवर बसला. बसून पँट वर करून स्वतःचा गुडघा दाखवायला लागला. दोघांनी गुडघ्याची, खांद्याची, मानेची अशी काही यादी काढली की मला वाटलं, या दोघांत मिळून एक धड माणूस निघणार नाही. जाऊबाई हसत होत्या.

उन्हं पायरीवर आली. त्यांनी टॉवेल सोडले, बोटं एकेक करून मिटली, उघडली. उठल्या. किल्ली उचलली, एका हाताने, चिमटीत. कुलूप निघालं. पट्टा, कोपर, खांदा. शटर निम्म्यावर अडलं. कंडक्टर उठायला लागला तर मी त्याचा दंड धरून खाली बसवला. जाऊबाईंनी एक शिवी हासडली, ती इथे लिहीत नाही, आणि शटर धडाधड वाजत वर गेलं. चष्मेवाले टाळ्या पिटत बाहेर आले. मी रडले. हो, रडले. त्यांना सांगू नका.

संध्याकाळी पुतण्या आला तेव्हा दुकानात दिवा होता आणि आई पकडीने सुई ओढत होती. तो पायरीवर टेकला. मग म्हणाला, ‘पण रोज असंच करणार का तू? तुला दुखताना बघवत नाही गं मला.’

‘मग नको बघू. दुखणं घरीही दुखणारच आहे. इथे निदान काहीतरी नीट तरी होतं.’

‘आणि सकाळी?’

‘सकाळी नऊला उघडायचं कोणी ठरवलं होतं?’

‘आजोबांनी.’

‘त्यांची बोटं चांगली होती,’ जाऊबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी दुकानाच्या कडेला पाटी लागली. रंग किल्लीवाल्याचा, अक्षर जाऊबाईंचं. पाटी रंगवणाऱ्याकडून करून घ्या म्हणून मी सांगून थकले, ऐकतील तर शपथ. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलीत, वेलांट्या वाऱ्यावर. पण लांबून वाचता येतं:

बोटं उघडली की दुकान उघडेल. घाई असेल त्याने फाटकं घालावं.

पुतण्याने ते वाचलं आणि डोक्याला हात लावला. ‘आई, सगळ्या जगाला सांगायची काय गरज होती?’

‘आयुष्यभर लोकांची भोकं लपवली रे. माझं एक राहू दे उघड्यावर.’

काही गिऱ्हाइकं तुटली. ती फाटकं घालून हिंडत असतील, खुशाल हिंडोत. बाकीची पायरीवर बसून थांबतात. टॉवेल मीच नेते. त्यात उपकार काही नाहीत. त्या बदल्यात दोरीची उन्हाची बाजू मी घेतलीय, आणि त्यावरून आमचं कालच भांडण झालं.

परवा एक नवी बाई आली, हातात जळका कोट. जाऊबाईंची बोटं बघून बिचकली. ‘अगंबाई, कसं आहे आता तुमचं?’

मी समोरून कान टवकारले. जाऊबाईंनी दोन्ही हात टेबलाखालून काढले आणि वर, उजेडात ठेवले.

‘दुखतंय,’ त्या म्हणाल्या. ‘बसा. कुठे जळलंय दाखवा.’