नाक तिचं, घोट माझा

तमाम लहानथोरांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आष्टी तालुक्यातला एक धडधाकट, बोलका, चारचौघांत मान असलेला इसम आपल्या लग्नाच्या बायकोच्या नाकावर जळून खाक झाला. इसम हयात आहे. तोच हे लिहितो आहे.

झालं असं. लागोपाठच्या दुष्काळात आमच्याकडचा ऊस गेला, मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या, पण डोंगरउतारावरची सीताफळं तेवढी तगली. त्या झाडाला कुणी पाणी घालत नाही आणि ते कुणाकडे मागतही नाही. म्हणून आम्ही सीताफळवाल्यांनी सहकारी संस्था काढली. पण फळ उतरवलं की दोन दिवसांत मऊ, चौथ्या दिवशी काळं. तेव्हा त्याची वाइनच करावी, असं चेअरमनच्या डोक्यात आलं. ती कशी करतात ते बघायला नाशिककडच्या एका धरणाकाठी अभ्यास दौरा ठरला.

आमच्या कडा गावातून गाडी हलली आणि चेअरमननं उभं राहून जाहीर केलं, "उद्याची जी शेवटची वायनरी हाय ना, तिथले लोक आठ दिवसांचं शिक्षण द्यायला तयार हायेत. आपल्यातलं एक माणूस तिथं ठिवायचं. पुढं संस्थेचा माल त्यानंच हुंगून, चाखून पास करायचा."

ते माणूस म्हणजे मी, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. कुणकुण आधीच लागली होती, म्हणून मी नवा सफारी शिवून घेतला होता. गावात सांगूनही झालं होतं. आठ दिवस धरणाकाठी राहायचं, पेला हुंगून मान डोलवायची आणि रोज दोन वेळा डोक्यावरून अंघोळ करायची! आमच्याकडे तेव्हा टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आणि अंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं.

एक बारीकशी अडचण होती. जमीन बायकोच्या नावावर, त्यामुळे कागदोपत्री सभासद ती. बैठकांना जाणारा, भाषणं ठोकणारा मी. दौऱ्यात बायका सभासदही पाहिजेत असं वरून पत्र आलं, म्हणून ती गाडीत बसली. तीही खिडकीपाशी.

दुपारनंतर घाट उतरलो आणि वळणावर एकदम धरण दिसलं. काठोकाठ. सगळी गाडी एका बाजूच्या खिडक्यांवर झुकली.

"ह्ये सगळं पाणी हाय बे?" मागून एकानं विचारलं.

"न्हाई, ताक हाय," दुसरा म्हणाला. "गप बस."

कुणी हसलं नाही. दुसऱ्याचं पाणी बघून हसू येत नाही.

पहिल्या वायनरीत माहिती सांगणारा माणूस द्राक्षांच्या जाती सांगत राहिला आणि आमची निम्मी मंडळी गायब. कामगार टाक्या धूत होते, ते पाणी नाल्यातून कुठं जातं हे बघायला सगळे नाल्याच्या कडेकडेनं चालत गेले होते. पाणी बागेतच सोडलंय, अशी खात्री झाल्यावर परत आले आणि मग कुठं द्राक्षांकडे बघायला तयार झाले.

तिथंच आमच्यापुढे पेले आले. चव घ्या आणि या भांड्यात थुंका, असं सांगण्यात आलं.

"थुंकायला इतक्या लांब आलोत का?" चेअरमन म्हणाला आणि त्यानं गिळलं.

मी पेला गोल फिरवला. डोळे मिटले. श्वास घेतला, सगळे माझ्याकडे बघतायत याची खात्री केली आणि म्हणालो, "जुनं सागवान. पिंपात बरीच वर्षं मुरलेली दिसते."

"सर, ही स्टीलच्या टाकीतली आहे," तो माणूस नम्रपणे म्हणाला. "याच वर्षीची."

बायकोनं पेला ओठाला लावला नाही. नुसता नाकाजवळ धरला आणि माझ्या हातात दिला. "कैरीची कोय फोडल्यावानी वास येतोय," ती हळूच म्हणाली.

त्या माणसानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझं सागवान त्यानं लिहून घेतलं नव्हतं.

संध्याकाळी लहान लहान टाक्यांत बियर करणाऱ्या एका ठिकाणी गेलो. दारातच बायको थबकली. "अगं बया, म्हशीचं आंबोण शिजतंय हितं!" मी शरमेनं डोळे वटारले. पण तिथला मालक टाळी देण्याइतका खूश. "बरोबर आहे काकू! जवच शिजतायत. चोथा आम्ही गोठ्यांनाच देतो." झालं. आता संस्थेची मंडळी प्रत्येक पेला आधी तिच्याकडे न्यायला लागली. "वहिनी, ह्ये बघा." "वहिनी, ह्याच्यात काय हाय?" ती हुंगायची, सांगायची आणि पेला मला द्यायची. नाक तिचं, घोट माझा. तो घोट मला गोड लागेना.

तिला हे येतं कसं, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त जळत होतो. आमच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही. माझ्या आईनं लग्नानंतर पहिल्याच सणाला तिला बजावलं होतं. तेव्हापासून कढीचं मीठ, पुरणाचा गूळ, सगळं ती वासावर ठरवते. इतकी वर्षं त्या नाकाचं मी फुकट खाल्लं आणि एकदाही त्याला नाक म्हणून मान दिला नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या वायनरीकडे जाताना मी एक कृत्य केलं. खिशातून बामची डबी काढली आणि कपाळाला खसाखसा चोळली. गाडीत नुसता बामच बाम. तिचं नाक दुपारपर्यंत तरी बधिर व्हावं, एवढीच माझी इच्छा होती.

"डोकं दुखतंय का तुमचं?" ती म्हणाली, आणि माझं डोकं जवळ ओढून वायनरी येईपर्यंत दाबत बसली. तिची बोटंही बामनं माखली. मला लाज वाटली. आनंदही झाला.

शेवटच्या वायनरीतल्या मॅडमनं तीन पेले पुढे ठेवले. बायको आधी नळावर जाऊन हात धुऊन आली. दोन पेल्यांना मान हलवली. तिसरा दूर सारला. "ह्ये नका देऊ कुणाला. पोतं भिजून सावलीत वाळलंय, तसलं हाय."

मॅडमनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग आतून वाइन करणाऱ्या साहेबांना बोलावलं. त्यांनी बाटली उचलली, बुचाकडे बघितलं आणि सगळी वाइन मोरीत ओतली. "बूच खराब होतं," ते म्हणाले. "आमच्याही लक्षात आलं नव्हतं. ठेवायचं तर या काकूंना ठेवा."

चेअरमननं मान डोलवली. सगळ्यांनीच डोलवली. मी उठून उभा राहिलो आणि त्या दौऱ्यातलं माझं सर्वोत्तम भाषण केलं. बाईमाणूस परक्या गावी एकटं कसं राहणार, घरी दोन म्हशी, सणवार, टँकर आला की हंडे कुणी लावायचे...

"तू लाव की बे," चेअरमन म्हणाला.

मी भ्यालो नाही. माझा हुकमी पत्ता अजून शिल्लक होता, तो म्हणजे ती स्वतः. माहेर सोडलं तर ही बाई कधी कुठं मुक्कामाला राहिलेली नव्हती. ती "न्हाई बाई" म्हणणार, मग मी एक सुस्कारा टाकून नाइलाजानं जबाबदारी स्वीकारणार. नाइलाजाचा चेहरा मी तयारही करून ठेवला होता.

"काकू, राहाल ना?" मॅडमनं विचारलं.

बायकोनं पदर सावरला. माझ्याकडे बघितलंच नाही. आणि सगळ्यांच्या देखत, एका दमात, ती बोलून गेली, "ताई, आठच दिवस? म्हैनाभर न्हाई का ठिवून घेत?"