खिडकीतल्या बाटल्या

फोन मामींचा होता, पण बोलत होत्या शेजारच्या बाई. "तुमच्या मामांना छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलंय. तुम्ही निघा." लातूरच्या बसस्टँडवर मी नांदेडची गाडी शोधत होते, तेवढ्यात दुसरा फोन आला... आणि घाई करायचं कारण उरलं नाही. गाडीत शेजारच्या आजींनी विचारलं, "सुट्टीला निघालीस का गं?" मी हो म्हणाले. अनोळखी माणसांना मला खरं सांगता येत नाही. ओळखीच्यांनाही फारसं येत नाही. मामांना ते माहीत होतं, म्हणून "बोल ना काहीतरी" असं ते मला कधी म्हणाले नाहीत. सुट्टीत मी गेले की माझ्यापुढे कागद सरकवायचे आणि म्हणायचे, "तू इंग्लिश मीडियमची. कुठं 'द' लावायचा अन् कुठं न्हाई, तेवढं बघ."

ते कागद म्हणजे कारखान्यांना जाणाऱ्या नोटिसांचे मसुदे. पाण्याच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यात मामांनी आयुष्यभर नोकरी केली. आधी पाण्याचा नमुना घ्यायचा, तो खराब निघाला तर नोटीस द्यायची, तरी ऐकलं नाही तर कारखान्याने खात्याकडे ठेवलेली बँक हमी जप्त करायची, आणि शेवटी बंदचा आदेश. हा क्रम मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर शिकले. शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा तो मला जास्त पाठ आहे.

अक्कामावशी ही मामांची आणि माझ्या आईची थोरली बहीण. तिला लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिलेली. तिच्या शेताच्या वरच्या अंगाला एका साखर कारखान्याची डिस्टिलरी उभी राहिली. तिथलं मळीचं पाणी ओढ्यात उतरू लागलं आणि काही वर्षांत मावशीच्या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागलं. ती नांदेडला आली की पिशवीत वाळकं असायची, शेपू असायचा आणि त्याखाली त्या पाण्याची एक बाटली.

पहिली बाटली आली तेव्हा मी तिथेच होते.

"घे. दाखव तुझ्या सायबाला."

"अक्का, हा नमुना न्हाई. हे नुसतं पाणी हाय." नमुना खात्याच्या माणसाने घ्यावा लागतो, समोरच्यांच्या देखत, सील लावून, सह्या घेऊन, असं मामांनी तिला समजावलं. "ही बाटली कुठली, हे कोण सांगणार?"

"मी सांगते की. माझीच हीर हाय."

"तुझं चालत न्हाई."

"मंग तू सांग."

"मी तुझा भाऊ. माझं तर त्याहून चालत न्हाई."

मावशीने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "मंग तूच एक नमुना हायस," ती म्हणाली. मामी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मामाही हसले, पण जरा उशिरा.

मामांनी लातूरच्या सहकाऱ्यांना रीतसर नमुने घ्यायला लावले. पहिला चांगला आला. पाहणीची खबर आधीच पोचली असावी, त्या दिवशी ओढा स्वच्छ होता. दुसरा वाईट आला. मग सगळं क्रमाने झालं. नोटीस गेली, खुलासा आला, हमी जप्त झाली, बंदचा आदेशही निघाला. पण तोवर उसाचा हंगाम संपत आला होता, डिस्टिलरी तशीही बंद होणारच होती. पुढच्या हंगामाआधी नवी यंत्रं बसली आणि चालवायची संमती पुन्हा मिळाली. ओढ्यात सोडणं थांबलं. कागदावर ते प्रकरण मामा जिंकले होते.

त्याच सुमारास मावशीच्या गावाने त्यांना सभेत बोलावलं. जाण्याआधी त्यांनी मला विचारलं, प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजायची, हे इंग्रजीतलं तत्त्व सोप्या मराठीत कसं सांगू? मी खूप विचार करून लिहून दिलं: जो पाणी नासवील, त्यानं भरावं. मला ते फार आवडलं होतं, म्हणून मीही सोबत गेले. मामांनी सभेत ते वाचून दाखवलं, आणि बायकांच्या घोळक्यातून मावशीचा आवाज आला, "म्हंजी भरलं की नासवायला मोकळं का?"

सगळी सभा हसली. परतीच्या वाटेवर औशाजवळ चहाला थांबलो तेव्हा मामा म्हणाले, "तुझं भाषांतर बरोबर होतं गं..." आणि चहाचे पैसे द्यायला उठले.

विहीर तशीच राहिली. मुरायचं ते मुरून गेलं होतं. "कारखान्याला नोटीस देता येते, अक्का. जमिनीला कशी देऊ?" असं ते एकदा म्हणाले, तेव्हा मावशी म्हणाली, "मला काय ठावं? सरकार तू हायस." ती बाटल्या आणत राहिली. मामा प्रत्येक बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेडासमोर धरायचे. मावशी विचारायची, "उजळलंय का रे थोडं?" ते बराच वेळ पाहायचे आणि म्हणायचे, "हाव. मागच्यापेक्षा उजळलंय." मग ती बाटली खिडकीत ठेवून द्यायचे. मामी ओरडायच्या, "ओतून द्या की ते!" मामा म्हणायचे, "कुठं ओतू? मोरीत ओतलं की नाल्यात, नाल्यातून गोदावरीत. मीच मला नोटीस काढू का?"

तेराव्याला मावशी आली. रडून झालं, जेवणं झाली. मग ती स्वयंपाकघरात आली आणि सवयीने पिशवी उघडली. वाळकं काढली, शेपू काढला. बाटली हातात आली तशी थांबली. मामी ओट्याशी उभ्या होत्या.

"हे आता कुणाला दावायचं?" मावशीने विचारलं. तिने बाटली माझ्या हातात दिली.

मी ती खिडकीत उजेडासमोर धरली. समोर मामांनी ठेवलेल्या साऱ्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. पहिलीपासून शेवटचीपर्यंत रंग एकच होता. मामांनाही तो रोज चहा घेताना दिसत असणार...

"उजळलंय का गं थोडं?"

"हाव," मी म्हणाले. "मागच्यापेक्षा उजळलंय."

मावशीने मान हलवली. मामींनी खिडकीतल्या बाटल्या थोड्या सरकवल्या आणि या बाटलीपुरती जागा केली.