वासाचं काही नको

माझी शेजारीण साळूबाई तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. हसताना पदर तोंडाला लावायची तिची सवय. मुलगा तानाजी फौजेत. सुट्टीवर येताना तो कँटीनमधून आईसाठी गुलाबाच्या क्रीमची डबी आणतो. शेडवरच्या बायकांना झाकण उघडून दाखवत ती चिडवायची, "आणतो का कुनाचा ल्योक?"

उन्हाळ्यात तिचे गाल लाल झाले, खाज सुटली. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि बजावलं, "वासाचं काहीही तोंडाला लावू नका."

साळूबाईनं ते मनापासून पाळलं. खोबरेल बंद केलं, आणि क्रीम सकाळ-संध्याकाळ चोळू लागली. डोळे सुजले तेव्हा माझ्याकडे आली.

"अगं, क्रीमला वास नाही का?"

"आवं बाई, त्येचा घमघमाट सुटतो. वास मारतो त्यो जुन्या खोबरेलाला."

मला हसू आलं नाही. आमच्या भागात वास म्हटलं की नाक मुरडायचं. चांगल्याला वास कोण म्हणतं?

मी तिला घेऊन पुन्हा सांगलीला गेले. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या दोन दिवसांनी काढून तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "क्रीम बंद केलं की चेहरा निवेल, पण ही ॲलर्जी आता जायची नाही. सुगंधी साबण, पावडर, अत्तर, सगळं जपायचं. दुसऱ्याच्या अंगावरचं लागलं तरी त्रास होईल."

परतताना एसटीत ती एवढंच म्हणाली, "तान्याला सांगू नगा. मनाला लावून घील त्यो."

दिवाळीला तानाजी आला. ताजी दाढी केलेली. गालांना लावलेल्या लोशनचा दरवळ मला दारातच आला. तो पाया पडला. साळूबाईनं नेहमीसारखे दोन्ही हात त्याच्या गालांवरून फिरवले. मी पुढे झाले, तर तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

संध्याकाळी तिचे डोळे सुजून मिटायला आले होते.

"काय झालं गं, आये?"

"शेडवर मालाला गंधकाची धुरी दिली. ती बाधली."

तानाजीनं पिशवीतून डबी काढली. या वेळी मोठी आणली होती. "हे लाव. थंड वाटंल."

"ठेव तितं. न्हाऊन आले की लावते."

तो माझ्याकडे वळला. "बाई, ही लय आळस करती. मी गेल्यावर तेवढं रोज लावायला सांगा हिला."

साळूबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत होती. हसत मात्र नव्हती.

मी "बरं" म्हणाले.